टेबलापलीकडे कोण उभे आहे?

पित्ताशय काढायला गेलेल्या सर्जनच्या हातून मुख्य पित्तनलिका कापली जाणे, ही शस्त्रक्रियेतल्या सर्वांत वाईट चुकांपैकी एक. रुग्ण आलेला असतो खड्यांसाठी, दोन दिवसांत घरी जायच्या तयारीने. वाट्याला येते कावीळ, पुन्हा एक मोठी शस्त्रक्रिया आणि कधी कधी जन्माचे दुखणे. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियांमधल्या अशा २५२ इजांचा तपास सॅन फ्रान्सिस्कोचे लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तपासाला त्यांनी मानसशास्त्राची चौकट घेतली होती. निघाले ते असे की ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण नजरेची फसगत हे होते. सर्जनने मुख्य नलिकेलाच पित्ताशयाची नलिका मानले आणि मग ती सफाईने, शांतपणे कापली. हाताच्या कौशल्यातली उणीव फक्त ३ टक्क्यांत सापडली. बहुतेकांना टेबलावर असताना काही बिनसले आहे, अशी शंकाही आली नव्हती.

मग सर्जनला शिकवायचे तरी काय? आजवरचे बहुतेक प्रशिक्षण हाताभोवती फिरत आले आहे. अमक्याचा हात चांगला, तमक्याचा अजून बसलेला नाही, ही कुठल्याही युनिटमधली रोजची भाषा. दरम्यान गेल्या पन्नास-साठ वर्षांत माणूस कौशल्य कसे शिकतो यावर मानसशास्त्रज्ञांनी आणि मानववंशशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहून ठेवले. त्यातले सर्जनच्या उपयोगाचे किती, हा या लेखाचा विषय. माझे मत आधीच सांगून टाकतो. हाताबद्दलचे सिद्धांत पक्के आहेत, वापरायला सोपे आहेत आणि तरीही आपण ते वापरत नाही. नजर आणि निर्णय यांबद्दलचे सिद्धांत तितके पक्के नाहीत. पण ते वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच माणसाकडे बोट दाखवतात, शिकाऊ सर्जनच्या समोर, टेबलापलीकडे उभ्या असलेल्या शिकवणाऱ्याकडे.

आजची निवासी डॉक्टरांची पद्धत येते विल्यम हॅल्स्टेड यांच्याकडून. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. जर्मन रुग्णालयांतली शिस्त पाहून आलेल्या हॅल्स्टेडनी तिथे शिष्य घडवण्याची घडी बसवली आणि १९०४ मध्ये येल विद्यापीठातल्या भाषणात तिची मांडणी केली. रुग्णालयातच राहायचे, वर्षानुवर्षे मदतनीस म्हणून काढायची, जबाबदारी पायरीपायरीने वाढत जायची आणि वरच्या पायरीवर थोडेच पोहोचायचे. ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हे ब्रीद पुढे या परंपरेला चिकटले. खुद्द हॅल्स्टेड इतके घाईचे नव्हते. या पद्धतीला लिहून ठेवलेला शिक्षणसिद्धांत नव्हता, गृहीतक मात्र होते, की भरपूर काळ, भरपूर केसेस आणि एक मोठा गुरू एवढे जमले की शिकणे आपोआप होते. शंभर वर्षे ते चालूनही गेले, कारण काळ भरपूर होता आणि ज्यांच्यावर शिकायचे ते रुग्ण बहुधा गरीब होते. त्यांना कोणी विचारत नव्हते.

या गृहीतकाला तडा गेला दुर्बिणीमुळे. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये आणि फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये पोट न फाडता पित्ताशय काढले. मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ते करून दाखवले. वीस-वीस वर्षे पोट उघडून पित्ताशये काढलेले सर्जन त्या काही वर्षांत पुन्हा नवशिके झाले. समोर सपाट पडदा, हाताला स्पर्श नाही, आणि पोटाच्या भिंतीवर टेकलेली लांब हत्यारे अशी की हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी पहिली केस घेणारेही निघाले. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने हिशोब मांडला तेव्हा दिसले की पित्तनलिकेच्या ९० टक्के इजा त्या त्या सर्जनच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांत झाल्या होत्या. इजेची शक्यता पहिल्या केसला १.७ टक्के, पन्नासाव्या केसला ०.१७ टक्के. शिकण्याचा आलेख हा शब्द आपण सहज वापरतो. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला कोणीतरी भूल दिलेला माणूस असतो, हे त्या आकड्यांनी छापून दाखवले.

आता हात. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी माणूस प्रत्येक हालचाल मनात घोकत करतो, मग हालचाली एकमेकींना जुळत जातात, शेवटी हात विचाराविना चालतो. याला जोड मिळाली जॉन स्वेलर यांनी १९८८ च्या सुमारास मांडलेल्या आकलनभाराच्या कल्पनेची. एका वेळी मनात मावते थोडेच. ज्या मुलीचे सगळे लक्ष गाठ बसवण्यातच खर्च होते आहे, तिला त्याच क्षणी सरांनी यकृताच्या उजव्या धमनीची वाट विचारली, तर पाठ असलेले उत्तरही तिला येत नाही. सर म्हणतात, वाचून येत नाहीत ही मुले. वाचलेले असते, मनात जागा नसते. यातून निघणारा व्यवहार सरळ आहे. हाताचे जेवढे शिकवता येईल तेवढे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर शिकवा, म्हणजे आत आल्यावर डोके रिकामे राहील.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अख्खा अध्यायच सरावावर आहे. छेद घ्यायला दुधी, कोहळा, काकडी यांसारखी फळे. फोडायला पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या पिशव्या. शिरा वेधायला मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. सळई घालून शोध घ्यायला किडके लाकूड. टाके घालायला कापड आणि मऊ चामडे. पट्ट्या बांधायला माणसाची प्रतिकृती. कोणती क्रिया कोणत्या पदार्थावर, हे इतके नेमके जुळवलेले आहे की आजच्या कौशल्य-प्रयोगशाळेच्या यादीशेजारी ठेवावे. समारंभांत आपण सुश्रुताचा पुतळा ठेवतो. हा अध्याय मात्र वेळापत्रकात ठेवत नाही.

बाहेरचा सराव आत उपयोगी पडतो का, या शंकेचे उत्तर २००२ मध्ये येल विद्यापीठातून आले. १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना संगणकावरच्या आभासी यंत्रावर ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव दिला, निम्म्यांना नेहमीचे प्रशिक्षण. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांची पित्ताशये वरिष्ठांच्या देखरेखीखाली सोडवली. सराव केलेल्यांचा वेग २९ टक्के जास्त होता. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजली जाण्याची शक्यता पाचपट होती. संख्या लहान आहे, पण दिशा पुढच्या अभ्यासांनी बदलली नाही. यातला कळीचा शब्द ‘पातळी गाठेपर्यंत’ हा आहे. इतके तास, इतक्या केसेस अशी अट नव्हती. कोणाला पातळी लवकर गाठता येते, कोणाला उशिरा. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये शाळांसाठी हेच सांगितले होते, की वेळ बदलू द्या, दर्जा बदलू देऊ नका. आपण नेमके उलटे करतो. तीन वर्षे सगळ्यांना सारखी आणि दर्जा ज्याच्या त्याच्या नशिबी.

दुसरा अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला पैसा लागत नाही. टोरांटोच्या कॅरल-ॲन मोल्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायला शिकवले. एका गटाला चारही सत्रे एकाच दिवशी, दुसऱ्याला आठवड्याला एक याप्रमाणे चार आठवडे. तास तेवढेच, शिकवणेही तेच. महिन्याभराने जिवंत उंदरावर परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याच्या अंतराने शिकलेला गट सरस ठरला. झोप आणि मधला काळ यांत हाताची आठवण पक्की होते, हे मानसशास्त्रात जुनेच होते. आता आपल्याकडच्या कार्यशाळा आठवा. पंचतारांकित हॉटेल, दोन दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शेवटी प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र. त्यापेक्षा युनिटच्या एका खोलीत पुठ्ठ्याचा खोका, जुना कॅमेरा आणि दर बुधवारी तासभर, यातून जास्त साधेल. अर्थात बुधवारच्या तासाचे प्रमाणपत्र मिळत नाही.

प्रौढांचे शिक्षण, अनुभवाचे चक्र वगैरे सिद्धांतांनी वैद्यकीय शिक्षणाच्या परिषदांतली बरीच जागा व्यापली आहे. त्यांत खोटे काही नाही. पण चार बाणांचे वर्तुळ पाहून उद्याच्या ऑपरेशनच्या यादीत काय बदलायचे, हे मला तरी कळलेले नाही. पुढे जाऊ.

अँडर्स एरिक्सन यांचे नाव टाळून मात्र पुढे जाता येत नाही. बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचा त्यांचा १९९३ चा निबंध प्रसिद्ध आहे. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकामुळे त्याचे ‘दहा हजार तास’ झाले, जे एरिक्सन यांचे म्हणणे नव्हते. त्यांचा भर तासांवर नव्हता. आपली एक विशिष्ट उणीव निवडायची, आवाक्याच्या जरा पुढचे काम घ्यायचे, काय चुकले ते लगेच कोणीतरी सांगायचे आणि पुन्हा करायचे, याला ते सराव म्हणत. या व्याख्येने पाहिले तर ‘आज तीन हर्निया केले’ हा सराव होत नाही, ते काम होते. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले, की अशा सरावाने खेळांतल्या आणि संगीतातल्या फरकाचा काही भाग उलगडतो, व्यवसायांत मात्र एक टक्काही नाही. एरिक्सनविरोधकांनी त्याचा बराच गाजावाजा केला. मला त्यातून दुसरेच दिसते. व्यवसायांत असा सराव जवळजवळ कोणी करतच नाही, मग त्याचा परिणाम मोजणार कशात?

पदवी मिळाली की सर्जन सर्जनला पाहायचे थांबतो. मिशिगनमध्ये जॉन बर्कमायर यांनी २०१३ मध्ये हा पडदा थोडा बाजूला केला. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी आपल्या एकेका शस्त्रक्रियेचा व्हिडिओ दिला आणि नाव न कळता इतर सर्जननी त्याला गुण दिले. तळाच्या चौथ्या हिश्श्यातल्यांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्यांत ५.२ टक्के. सगळे पूर्ण प्रशिक्षित, परवानाधारक, नियमित काम करणारे. आता वे म्हणतात दोष नजरेचा आणि बर्कमायर म्हणतात फरक हाताचा, मग खरे कोणाचे? गुण कशाला दिले होते ते पाहिले की भांडण मिटते. हळुवारपणा, हत्यारांची हाताळणी यांबरोबर आतला भाग किती मोकळा करून दाखवला, यालाही गुण होते. चांगला हात आधी नजरेपुढे जागा उघडतो. पित्ताशयाच्या बाबतीत स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये हीच गोष्ट नियमाच्या रूपात सांगितली. पित्तनलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी काढा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, दोनच गोष्टी पित्ताशयात शिरताना दिसल्या पाहिजेत, तोवर क्लिप लावायची नाही. नजर फसणारच, हे मान्य करून हाताला घातलेला हा लगाम आहे. प्रशिक्षणातली इतकी स्वस्त आणि इतकी शहाणी गोष्ट दुसरी सापडणे कठीण.

अतुल गावंडे यांनी २०११ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलेला निबंध याच संदर्भात वाचावा. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले उटी हे त्यांच्या वडिलांचे गाव, म्हणून मराठी वाचकांना ते आपले वाटतात. स्वतंत्र काम सुरू करून आठ वर्षे झाल्यावर आपली प्रगती थांबली आहे असे त्यांना जाणवले. त्यांनी निवृत्त शिक्षक रॉबर्ट ऑस्टीन यांना थिएटरमध्ये येऊन नुसते बघायला सांगितले. ऑस्टीननी टिपलेल्या गोष्टी क्षुल्लक वाटाव्यात अशा होत्या. कोपर वर जाते आहे. कापड असे टाकले आहे की समोरच्या मदतनिसाला हात हलवायला जागा नाही. दिवा जखमेवरून सरकला आहे आणि बराच वेळ तसाच आहे. पंचेचाळिशीतला नामवंत सर्जन हे स्वतः पाहू शकत नव्हता.

मानववंशशास्त्राकडून आलेला विचार वेगळ्या जातीचा आहे. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात म्हटले, की शिकणे म्हणजे एखाद्या समुदायात कडेकडेने शिरून हळूहळू मध्यभागी येणे. त्यांच्या उदाहरणांत लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला शिकाऊ आधी काजे-बटणे आणि हातशिलाई करतो, मग कपडा शिवतो, कापायला सर्वांत शेवटी शिकतो. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट. शेवटच्या पायऱ्यांत चूक झाली तरी कापड वाया जात नाही, आणि पुरा कपडा कसा दिसतो हे आधी कळते. आपल्या युनिटमधले पहिल्या वर्षाचे निवासी आधी कातडीचे टाके घालतात, मग पोट बंद करतात, मग उघडतात, हा क्रम कोणी पुस्तकातून आणलेला नाही. तो बरोबर आहे.

त्याच पुस्तकात बिघडलेले उदाहरणही आहे, अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या मांसकाप्यांचे. शिकाऊ मुलांना वेष्टन गुंडाळायच्या यंत्रावर बसवत, जिथून कसबी कारागीर कसे कापतात ते दिसतच नसे. कामाला हात मिळत, शिकणे होत नसे. मॅथ्यू बीन यांनी २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा हीच गोष्ट नव्या पोशाखात दिसली. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जनला दोन जास्तीचे हात लागतातच, म्हणून शिकाऊ आपोआप आत असतो. रोबोटच्या आसनावर बसलेल्या सर्जनला तो लागत नाही. मग शिकाऊ बघत राहतो. जे थोडे तरबेज झाले ते आडवाटेने, यंत्रावर आणि व्हिडिओंवर तासन्‌तास घालवून. मुंबई-पुण्याची खासगी रुग्णालये रोबोटच्या जाहिराती करतात. शिकाऊने कुठे उभे राहायचे, हा प्रश्न त्या यंत्राबरोबर येतो.

मग येतो लेव्ह व्हिगॉट्स्की. १९३४ मध्ये तरुणपणीच वारलेला हा रशियन मानसशास्त्रज्ञ थिएटरमध्ये कधी आला असता, तर त्याने सरांच्या हातांकडे पाहिले असते. एकट्याला जमते ते आणि मदतीने जमते ते, यांच्यामधल्या पट्ट्यात शिकणे घडते, असे तो सांगतो. मदत किती आणि कधी काढून घ्यायची, यातच शिकवणाऱ्याची कला. समोर उभे असलेले चांगले सर हत्यार न घेता फक्त ऊती अशा ताणून धरतात की शिकाऊला पुढचा थर आपोआप दिसतो. वाईट सर दोन मिनिटांत ‘दे इकडे’ म्हणतात. त्याहून वाईट सर चहाच्या खोलीत असतात. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना केसेस कमी पडत नाहीत. परदेशातल्या मुलांना हेवा वाटावा इतक्या मिळतात. कमी पडते ते केसनंतरचे बोलणे. रात्री दोन वाजता अपेंडिक्स काढून झाले, टाके पडले, आणि सकाळी राउंडला विचारले जाते ते रुग्णाला ताप आहे का एवढेच.

बोलणे उलट्या दिशेनेही व्हावे लागते. एमी एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी छोट्या छेदातून हृदयशस्त्रक्रिया नव्याने शिकणाऱ्या १६ रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास २००१ मध्ये मांडला. लवकर शिकलेल्या चमूंचे सर्जन सर्वांत ज्येष्ठ किंवा नामवंत होते असे नाही. नर्सला, भूलतज्ज्ञाला, कनिष्ठाला ‘थांबा’ म्हणता येते असे वातावरण ज्यांनी ठेवले, ते पुढे गेले. नलिका चुकीची दिसते आहे असे पहिल्या वर्षाच्या मुलाला वाटले, तर आपल्या किती थिएटरांत तो ते मोठ्याने म्हणेल? फसलेल्या नजरेला दुसरी नजर हाच उतारा असतो आणि ती कॅमेरा धरून शेजारीच उभी असते.

मोजमापाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे प्रवेशाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. मधली तीन वर्षे लॉगबुक, ज्यात केसेसची संख्या आणि सही असते. शेवटी लेखी पेपर, रुग्णतपासणी आणि तोंडी. जिवंत माणसावरची एकही शस्त्रक्रिया परीक्षक पाहत नाहीत. टोरांटोत १९९७ पासून हालचालींना गुण देण्याची पद्धत आहे. ओले टेन काटे या डच शिक्षणतज्ज्ञांनी २००५ मध्ये प्रश्नच बदलून टाकला: हे काम मी या शिकाऊवर, मी खोलीत नसताना, सोपवेन का? अमेरिकेच्या शल्यचिकित्सा मंडळाने २०२३ पासून हीच कसोटी लागू केली. वरिष्ठ मनातल्या मनात हे रोज ठरवतात. ते लिहून ठेवायला लावणे, एवढाच बदल आहे. पण लिहायचे म्हटले की आधी पाहावे लागते.

निर्णयाच्या शिक्षणाबद्दल डॉनल्ड शोन यांचे १९८३ चे पुस्तक सगळे उद्धृत करतात. सर्जनच्या जवळचे काम मात्र पुन्हा मोल्टन यांचेच आहे. अनुभवी सर्जन बहुतेक वेळ हात आपोआप चालू देतो, आणि नेमक्या क्षणी वेग कमी करून पूर्ण लक्ष आत आणतो. रेडिओ बंद करा म्हणतो, गप्पा थांबवतो. त्या क्षणाला शिकाऊकडे वळून ‘मी आत्ता का थांबलो?’ असे विचारणारे शिक्षक मोजके. ते विचारत नाहीत, कारण त्यांनाही ते शब्दांत सांगता येत नाही. सवयीने येते, पण जरा त्रास घेतला तर.

मग पदवी मिळते आणि बंधपत्राच्या सेवेसाठी नवा सर्जन उपजिल्हा रुग्णालयात रुजू होतो. भूलतज्ज्ञ बोलावण्यावर येतो, समोर हत्यारे देणारी सिस्टर आणि पलीकडे कधी वॉर्डबॉय. पोट उघडल्यावर आतडे अपेक्षेपेक्षा वेगळे दिसते, तेव्हा तो हात तसाच ठेवून सिस्टरला फोन कानाला लावायला सांगतो आणि जुन्या युनिटच्या सरांना विचारतो. कधी फोटो पाठवतो. सर ओपीडीतून उठून बाहेर येतात, सांगतात, पुन्हा आत जातात. राज्यातले पुष्कळसे खरे सर्जरीचे शिक्षण आज या फोनवर चालू आहे. त्याची नोंद लॉगबुकात नाही, आणि सरांच्या कामाच्या तासांतही ती धरली जात नाही.